लिथियमचा तळ

खरेदी ही एक साधना आहे, असे चारुदत्तराव निमकर यांचे मत होते, आणि त्या साधनेत त्यांचा अधिकारही थोर होता. दुबईतील एका बांधकाम कंपनीत ते खरेदी विभागाचे प्रमुख होते. पोलादी सळ्यांपासून स्नानगृहातील नळांपर्यंत कोणतीही वस्तू विक्रेत्याने उच्चारलेल्या पहिल्या भावाने त्यांनी कंपनीसाठी कधी घेतली नाही. विक्रेता भाव सांगे. चारुदत्तराव चष्मा काढून मेजावर ठेवीत आणि काहीच बोलत नसत. ते मौन इतके गाढ असे की समोरचा मनुष्य त्यात आपोआप एकेक पायरी खाली उतरत जाई.

या सिद्धपुरुषाने स्वतःसाठी मात्र आयुष्यात एकच मोठी खरेदी केली होती, आणि ती दोन हजार आठ सालच्या ऑगस्ट महिन्यात. अजमानमधील एका नियोजित मनोऱ्यात, सोळाव्या मजल्यावर, समुद्र दिसणारे घर. पुढे थोड्याच दिवसांत जगाचा बाजार कोसळला आणि मनोरा तिसऱ्या मजल्याशी थबकला. तो आजही तेथेच आहे. चारुदत्तरावांचे घर त्याच्या पुष्कळ वर, शुद्ध हवेत आहे. तेथून समुद्र दिसत असणारच. जाऊन पाहण्याची सोय झाली नाही, इतकेच.

पैसे गेल्याचे दुःख त्यांनी यथाकाल पचवले. न पचलेली गोष्ट निराळी होती. खरेदीप्रमुखाने ऐन शिखरावर खरेदी केली, ही ती गोष्ट. त्यानंतर तेथील मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत घर, सोने, म्युच्युअल फंड असा कोणताही विषय निघाला की लोक चारुदत्तरावांकडे एक सहानुभूतीची दृष्टी टाकून विषय बदलत. ती सहानुभूती त्यांना हप्त्यांहून जड गेली. निवृत्त होऊन मायदेशी परतण्यापूर्वी एक तरी वस्तू अचूक तळाला घ्यायची, आणि ती चारचौघांच्या देखत घ्यायची, असा त्यांनी मनोमन पण केला होता. ती वस्तू कोणती, हे ठरायला चौदा वर्षे लागली. दोन हजार बावीसच्या उन्हाळ्यात ते ठरले. विजेवर चालणारी मोटार.

आता सामान्य मनुष्य मोटार घेताना तिचा रंग पाहतो, आसने दाबून पाहतो. चारुदत्तराव मुळापर्यंत गेले. विजेच्या गाडीच्या किमतीत मोठा वाटा बॅटरीचा. बॅटरीचा जीव लिथियममध्ये. म्हणून ज्याला गाडी स्वस्त हवी त्याने लिथियमवर लक्ष ठेवावे. हा धातू सर्व धातूंत हलका आणि सुरीने कापावा इतका मऊ; पण त्या वर्षी त्याचा भाव असा काही चढला होता की त्याचा हलकेपणा केवळ विज्ञानाच्या पुस्तकापुरता उरला होता. चिलीच्या वाळवंटात खारे पाणी उन्हात आटवून तो काढतात, ऑस्ट्रेलियात खडक फोडून काढतात, आणि चीनमध्ये नेऊन शुद्ध करतात. त्यामुळे दुबईच्या अल बर्शा भागातील निमकरांच्या सदनिकेत सकाळच्या चहाबरोबर चिलीतील ऊनपावसाची चौकशी होऊ लागली.

“तिकडे ढग आलेत म्हणे,” चारुदत्तराव चिंतेने म्हणत.

“अहो, आपल्या बाल्कनीत कपडे वाळत नाहीत त्याची काळजी करा,” त्यांच्या पत्नी प्रमिलाताई म्हणत. “लिथियम खाली येईपर्यंत आपण वर जाऊ.”

कन्या ओवी अल ऐनच्या विद्यापीठात शिकत होती आणि शनिवार-रविवारी बसने घरी येई. पित्याने भिंतीवर लावलेला भावाचा आलेख पाहून ती म्हणाली, “बाबा, इट्स अ कार. पीपल जस्ट बाय इट.”

“पीपल म्हणजेच तर शिखरावर घेणारे,” चारुदत्तराव शांतपणे उत्तरले. “मी थांबणार.”

थांबणे सोपे नव्हते, कारण घरची जुनी पेट्रोलची गाडी थांबायला तयार नव्हती. म्हणजे ती वाटेल तेथे थांबत असे. तिच्या वातानुकूलन यंत्राने एक आवाज धरला होता. प्रारंभी तो कबुतरासारखा होता. पुढे त्यात घशाचा विकार शिरला. या गाडीतून रोज सकाळी चारुदत्तरावांबरोबर समोरच्या दारचे उपेंद्रराव गद्रे कचेरीला जात.

उपेंद्ररावांची ओळख येथेच करून दिली पाहिजे. ते विमा क्षेत्रातले. वाहन चालवण्याच्या परीक्षेत ते इतक्या वेळा अनुत्तीर्ण झाले होते की परीक्षक त्यांच्या मुलांची नावे घेऊन विचारपूस करीत. अखेरीस त्यांनी त्या मार्गाचा संन्यास घेतला आणि चारुदत्तरावांच्या शेजारचे आसन कायमचे स्वीकारले. मोबदल्यात ते वाटेवर फोनमधील बातम्या मोठ्याने वाचून दाखवीत. अजमानचे घरही त्यांनी अशाच एका सकाळी वाचून दाखवले होते. “सी व्ह्यू आहे चारू, यल्ला, घेऊन टाक,” एवढेच ते म्हणाले होते, आणि मित्राचा शब्द म्हणून चारुदत्तरावांनी घेऊन टाकले होते. त्याविषयी दोघांत पुढे कधी चर्चा झाली नाही. मैत्री टिकायची तर काही गोष्टी गाडीच्या डिकीत राहू द्याव्या लागतात.

आता वाचनात लिथियमची भर पडली.

“चारू, आज परत वाढला.”

“वाढतोय,” चारुदत्तराव सुस्कारा टाकत. “वाढतच चाललाय. कुठे थांबणार, देव जाणे.”

“अजून वाढेल म्हणतोस?”

“लक्षण तर तेच आहे.”

उपेंद्रराव हुंकार देत आणि खिडकीबाहेर पाहत. त्या हुंकारात काय दडले आहे, हे चारुदत्तरावांना समजायला कार्तिक महिना उजाडावा लागला.

मध्यंतरी लोकांचे उपदेश चालूच होते. पाचव्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी सांगितले, येथील उन्हाळ्यात बॅटरी पुरीसारखी फुगते. मंडळाच्या खजिनदारांचे म्हणणे पडले की थोडे थांबा, मिठापासून बॅटरी येणार आहे. मग लिथियम कुणी फुकट घेणार नाही. एका भगिनींनी विचारले, अल ऐनच्या वाटेत चार्ज संपला तर उंटाने ओढून आणतात म्हणे, खरे का? चारुदत्तराव सर्वांचे म्हणणे आदराने ऐकत आणि एकच उत्तर देत, “मी तळाला घेणार.” हळूहळू लोक त्यांना पुन्हा विचारू लागले. भाव काय म्हणतो? कधी उतरेल? चौदा वर्षांनी कोणी त्यांचे मत विचारत होते. त्यांच्या चालण्यात फरक पडला.

कार्तिकात प्रमिलाताईंनी घरी सत्यनारायण घातला. पौरोहित्याला रामचंद्रशास्त्री आले. शास्त्रीबुवा आठवडाभर जेबेल अली येथील एका मालवाहू कंपनीत कागदपत्रांचे काम पाहत, आणि शनिवार-रविवारी सोवळे नेसत. दोन्ही कामे ते सारख्याच काटेकोरपणे करीत.

“यजमान, संकल्पात विशेष काही घालायचंय?” त्यांनी विचारले.

चारुदत्तरावांनी एकवार घरात जमलेल्या मंडळींकडे पाहिले. “गुरुजी, गाडी घ्यायची आहे. पण लिथियम उतरल्याशिवाय नाही.”

शास्त्रीबुवांनी पळी खाली ठेवली. “सोनं, रुपं, तांबं, सगळ्यांना शब्द आहेत. हा धातू आपल्याकडे नव्हता. रचना करावी लागेल.” त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले, आणि मग खणखणीत स्वरात संकल्प उच्चारला, “लिथियमाख्यस्य धातोः मूल्यह्रासपूर्वकं विद्युद्वाहनप्राप्त्यर्थम्।” आपल्या रचनेवर ते स्वतःच इतके प्रसन्न झाले की जमलेल्यांना त्यांनी अर्थही सांगितला. लिथियम नावाच्या धातूचा भाव कोसळावा आणि त्यायोगे यजमानांना विजेची गाडी मिळावी. मंडळींनी भक्तिभावाने हात जोडले.

एक हात मात्र जोडला गेला नाही. कथा संपून प्रसाद वाटला गेला तेव्हा उपेंद्रराव द्रोण हातात धरून चारुदत्तरावांसमोर उभे राहिले. शिऱ्याचा घास तोंडात असल्याने त्यांचा संताप थोडा अस्पष्ट उमटला.

“कोसळावा म्हणून? तू देवाला सांगून लिथियम पाडतोयस?”

“हो. का रे?”

“मी शेअर्स घेतलेत, चारू! ऑस्ट्रेलियातल्या लिथियमच्या खाणीचे!”

“काय घेतलेत?” हा प्रश्न त्यांच्या पत्नी कुंदाताईंचा होता, आणि त्यांनाही ही बातमी त्याच क्षणी मिळत होती.

“कुणी सांगितलं तुला घ्यायला?” चारुदत्तराव चकित झाले.

“तू! रोज सकाळी गाडीत कोण म्हणतं, वाढतोय, वाढतच चाललाय?”

“मी रडत होतो रे, वाढतोय म्हणून!”

“मला कसं कळणार? तुझा चेहरा नेहमी तसाच असतो!”

प्रसादाचा अव्हेर करणाऱ्याचे काय होते हे नुकतेच कथेत ऐकलेले असल्याने उपेंद्ररावांनी शिरा पूर्ण संपवला, द्रोण नीट टोपलीत टाकला, हात धुतले, आणि मग भांडण पुढे चालू केले. शेवटी ते म्हणाले, “सोमवारपासून मी मेट्रोने जाणार.” आणि दार ओढून घेऊन समोरच्या दारात शिरले. समोरच राहत असल्याने त्या निर्गमनाला हवा तेवढा भारदस्तपणा आला नाही, शिवाय चपला विसरल्याने त्यांना पुन्हा यावे लागले.

आणि आश्चर्य असे की खरोखरच भाव कोसळू लागला. तज्ज्ञांनी त्याची कारणे सांगितली. चीनमध्ये गाड्यांची मागणी मंदावली, खाणी वाढल्या, साठे पडून राहिले. मंडळाचा मात्र कारणाविषयी काही संशय नव्हता. रामचंद्रशास्त्र्यांचे शनिवार-रविवार पुढल्या उन्हाळ्यापर्यंत भरले. कोणाला शाळेची फी उतरायला हवी होती, कोणाला दिरहम रुपयाच्या तुलनेत चढायला हवा होता. चारुदत्तरावांना जिन्यात थांबवून लोक हात मिळवू लागले.

या वैभवाला एकच उणीव होती. शेजारचे आसन रिकामे होते. भाव खाली आल्याचे वाचून दाखवणारे कोणी नव्हते. सिग्नलला चारुदत्तराव स्वतःच फोन पाहत, आणि खाली आलेल्या आकड्याकडे पाहून आनंद व्हायच्या आधी समोरच्या दाराची आठवण होई.

वसंतात ते गाड्यांच्या दालनात गेले. संजय नावाचा नागपूरकडचा तरुण विक्रेता पुढे आला.

“दीड लाख दिरहम, सर.”

“चौतीस लाख रुपये!” चारुदत्तराव उद्गारले. एवढी वर्षे दुबईत काढून रुपयांत रूपांतर केल्याखेरीज त्यांना धक्का बसत नसे. “अहो, लिथियम अर्ध्याहून खाली आलंय. किंमत तीच कशी?”

“सर, ही गाडी बनली तेव्हा लिथियम टॉपला होतं.” संजयने आदराने गाडीच्या तळाकडे बोट केले. “याच्या खाली जुन्या भावाचं लिथियम आहे.”

“आणि नव्या भावाचं?”

“ऑक्टोबरच्या शिपमेंटला, इन्शाल्ला.”

चारुदत्तरावांनी चष्मा काढून गाडीच्या टपावर ठेवला आणि आपले सुप्रसिद्ध मौन धारण केले. थोडा वेळ गेला. संजयने खिशातून फोन काढला आणि तो निवांत पाहत बसला. या पिढीला मौनाने काही होत नाही, हे चारुदत्तरावांना त्या दिवशी कळले. चष्मा उचलून ते बाहेर पडले. पण जाता जाता संजय एक मोलाची गोष्ट बोलला, “सर, तोपर्यंत बिल्डिंगमधून चार्जरची एनओसी काढून ठेवा. त्यालाच टाइम लागतो.”

इमारतीच्या व्यवस्थापन कचेरीत हलिमा नावाच्या बाई बसत. त्या प्रत्येक अर्जाकडे नवजात अर्भकाकडे पाहावे तसे हसून पाहत आणि परत देत. पहिल्या खेपेस घरमालकाचे पत्र नव्हते. दुसऱ्या खेपेस पत्र होते, पण त्यावरचा शिक्का धूसर होता. तिसऱ्या खेपेस तारांचा नकाशा हवा होता. तो आणल्यावर कळले की तो रंगीत हवा होता. या सर्व परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर हलिमाबाई मधुर स्वरात म्हणाल्या, “बस, अब सिर्फ नेबर का सिग्नेचर। जिनका पार्किंग बाजू में है। हमारे सामने करना है।”

“बाजू में किनका है?”

हलिमाबाईंनी संगणकात पाहिले. “फ्लॅट चार सौ चार। गद्रे।”

गाडी नसलेल्या उपेंद्ररावांची मोटार ठेवण्याची जागा! परीक्षेतील अपयशानंतरही ती त्यांनी अभिमानाने राखली होती. चारुदत्तरावांनी बऱ्याच काळाने समोरचे दार वाजवले.

“सही?” उपेंद्रराव दारातूनच म्हणाले. “करतो ना. का नाही करणार? मी घेतलं त्या भावाला लिथियम परत येऊ दे. खलास, त्याच दिवशी करतो.”

दार मिटले. चारुदत्तराव आपल्या घरात येऊन सोफ्यावर बसले आणि त्यांनी परिस्थितीचे मनन केले. गाडी घ्यायची तर लिथियम उतरायला हवे. ती आणून उभी करायची तर लिथियम चढायला हवे. नव्यन्यायाच्या पंडितांनाही ज्याच्यापुढे हात टेकावे लागले असते, असा हा पेच होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी शास्त्रीबुवांना दूरध्वनी केला.

“गुरुजी, संकल्प मागे घेता येतो का हो?”

“यजमान, ती काय ऑनलाइन ऑर्डर आहे, कॅन्सल करायला?”

“मग थोडा बदल?”

“अमेंडमेंट?” शास्त्रीबुवांतील कागदपत्रांचा अधिकारी जागा झाला. “अमेंडमेंट करता येईल. काय हवंय नेमकं?”

“आधी थोडा चढावा. मित्राचं काम होईपर्यंत. मग उतरावा.”

“सीक्वेन्स आहे तर. देवाला सीक्वेन्स स्पष्ट लिहून द्यावा लागतो,” शास्त्रीबुवा म्हणाले आणि लहानशी पूजा करून त्यांनी तशी दुरुस्ती केली. पुढच्याच महिन्यात लिथियम उसळले. चारुदत्तराव धावत समोरच्या दाराशी गेले.

“उपेंद्र, विक! आत्ता विक! फार वर नाही जाणार हा.”

“वा! मी विकलं की पडणार, पडलं की तुझी गाडी स्वस्त. मी आता मूर्ख राहिलेलो नाही चारू. हा अजून वर जाणार.”

“कोण म्हणतं?”

“तूच म्हणाला होतास. गेल्या वर्षी.”

जुलैमध्ये लिथियम पुन्हा घसरले, आणि या वेळी त्याने मागे वळून पाहिले नाही. त्याच सुमारास गाडीच्या वातानुकूलन यंत्राने एक दीर्घ श्वास घेतला आणि देह ठेवला. तंत्रज्ञाने सांगितलेला खर्च ऐकून चारुदत्तराव म्हणाले, आता थोड्याच महिन्यांसाठी कशाला? प्रमिलाताईंनी टॅक्सीचे ॲप उघडले. “मी याच्यातून जाते. तुम्ही या सावकाश, तळ गाठून.”

ऑगस्टमधील एका सकाळी चारुदत्तराव चारही काचा उघड्या टाकून, मांडीवर ओला नॅपकिन घेऊन निघाले होते. मेट्रोकडे जाणाऱ्या बसच्या थांब्यावर उपेंद्रराव उभे दिसले. थांब्याच्या गार खोलीत गर्दी मावत नव्हती; ते बाहेर, टाय लावलेले, डोक्यावर वर्तमानपत्र धरून उभे होते. चारुदत्तरावांनी गाडी थांबवली. उपेंद्ररावांनी प्रथम पाहिले नसल्याचे नाटक केले. मग मागून भोंगे वाजू लागले, तेव्हा लोकांची गैरसोय नको म्हणून ते आत बसले.

भट्टीतून जावे तसे दोघे पुढे निघाले. उपेंद्ररावांनी टाय सैल केला, मग काढला.

“मी गाडीचा विचार सोडलाय,” चारुदत्तराव समोर पाहत म्हणाले. “तुझे शेअर्स वर येईपर्यंत थांबतो.”

“वेडा आहेस का? ते वर येईपर्यंत तू या गाडीत शिजशील. आणि तुझ्याबरोबर मी.”

“तू मेट्रोने जातोस ना?”

उपेंद्ररावांनी काढलेल्या टायची घडी घातली. “मेट्रोत बातम्या कुणाला वाचून दाखवायच्या?” ते शेवटी पुटपुटले. “सगळे कानात ते बोळे घालून बसतात.” आणि मग एकदम चढ्या आवाजात, “चल, गाडी वळव. त्या हलिमाच्या ऑफिसात जाऊ. एवढ्या उन्हात तुझ्याशी भांडण्यापेक्षा सही परवडली.”

हलिमाबाईंनी हसून दोघांचे स्वागत केले, उपेंद्ररावांचे ओळखपत्र घेतले, संगणकाकडे पाहिले, आणि ओळखपत्र परत दिले.

“सॉरी सर। आपका साइन नहीं चलेगा। टेनंट मिसेस कुंदा गद्रे हैं। सिन्स टू थाउजंड नाइन।”

उपेंद्ररावांचा चेहरा एकाएकी उतरला. दोन हजार नऊच्या आरंभी त्यांची नोकरी गेली होती, आणि घराचा करार शाळेत शिकवणाऱ्या कुंदाताईंच्या नावावर करावा लागला होता. हे त्यांनी जगापासून लपवले होते. रोज सकाळी टाय लावून, डबा घेऊन ते चारुदत्तरावांच्या गाडीत बसत, आपल्या जुन्या कचेरीच्या कोपऱ्यावर उतरत आणि दिवस कोठल्याशा मॉलमध्ये काढीत. संध्याकाळी त्याच कोपऱ्यावर चारुदत्तराव त्यांना घ्यायला येत. “काय, काम फार होतं?” ते विचारीत. “फार,” उपेंद्रराव सांगत. थंडीत दुसरी नोकरी लागेपर्यंत हे असेच चालले. त्या कोपऱ्यावरच्या विमा कंपनीची पाटी केव्हाच उतरवली गेली होती, आणि भिंतीवर तिच्या अक्षरांच्या नुसत्या खुणा उरल्या होत्या. गाडी चालवणाऱ्याला त्या रोज समोर दिसत.

उपेंद्ररावांनी हळूच मान वळवली. “चारू... तुला तेव्हा...”

चारुदत्तराव भिंतीवरची आग विझवण्याची सूचना अत्यंत एकाग्रतेने वाचत होते. “मला एवढंच कळतंय,” ते म्हणाले, “की हे ऑफिस दीडला बंद होतं. वहिनींना फोन लाव.”

कुंदाताई आल्या. त्यांनी लेखणी घेतली, सही केली, आणि दोघांकडे आळीपाळीने पाहिले. “किती महिने दोघांची तोंडं बघतेय. मला कुणी विचारलंच नाही.”

पुढे सर्व सुरळीत झाले. उपेंद्ररावांनी आपले शेअर्स विकून टाकले आणि त्याविषयी बोलणे बंद केले. ऑक्टोबरची खेप आली. नव्या भावाच्या लिथियमची गाडी खरोखरच पुष्कळ स्वस्त होती. शिवाय संजयने पायपुसणी स्वतःहून दिली. दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी घरी आली. तळघरात नारळ फोडायला रखवालदाराने मनाई केल्यामुळे प्रमिलाताईंनी तो घरून फोडूनच आणला आणि गाडीपुढे दोन्ही भकले जोडून धरली. कोजागिरीला गच्चीवर दूध आटत असताना चारुदत्तरावांनी मंडळींना लिथियमचा इतिहास, त्याचे शिखर आणि त्याचा तळ यांविषयी सविस्तर निरूपण केले. दूध पातेल्याला लागले तरी कोणी मध्येच उठले नाही. खजिनदारांनी विचारले, “निमकर, सोनं कधी घेऊ?” प्रमिलाताई पातेले खरवडता खरवडता नवऱ्याकडे पाहत राहिल्या. हा मनुष्य असा हसतो, हे त्या विसरून गेल्या होत्या.

नोव्हेंबरात, एका सोमवारी, उद्वाहनातून खाली उतरताना चारुदत्तरावांनी सहज फोन पाहिला. गाडीच्या कंपनीने तेच प्रारूप, त्याच रंगात, आणखी पंधरा हजार दिरहमांनी स्वस्त केले होते. चार्जर मोफत. बसवूनही मोफत. सवलत त्याच दिवसापासून.

उद्वाहनाचे दार उघडले, मिटले, आणि पुन्हा उघडले. तीन लाख चाळीस हजार रुपये, असे ते आतल्या आत म्हणाले. त्या आकड्यामागे त्यांना गच्चीवरची सगळी तोंडे दिसली, आणि त्या तोंडांवर ती जुनी, परिचित सहानुभूती.

उपेंद्रराव गाडीजवळ वाट पाहत उभे होते. दोघे बसले. गाडी निघाली. जुन्या गाडीत निदान कबुतर तरी घुमत असे. या गाडीत इतकी शांतता होती की उपेंद्ररावांनी खिशातून फोन काढल्याचाही आवाज झाला. चारुदत्तरावांनी सुकाणू घट्ट धरले. उपेंद्ररावांचा अंगठा सवयीने बातम्यांवरून खाली खाली सरकत होता. मग तो थांबला. बराच वेळ थांबला.

सिग्नल लाल झाला. न विचारावे तर संशय येईल, म्हणून चारुदत्तरावांनी घसा साफ केला.

“काय म्हणतंय लिथियम?”

“लिथियम?” उपेंद्ररावांनी फोन मांडीवर पालथा घातला आणि त्यावर तळहात ठेवला. “काही नाही रे. आहे तिथेच आहे. तळाला.”

“मी म्हटलं होतं.”

“म्हटलं होतंस खरं,” उपेंद्रराव म्हणाले, आणि गार हवेची झडप त्यांनी हलकेच मित्राच्या बाजूला वळवली.